टायमर गिझरला लावला, युनिट वाचली एसीत: मुलुंडच्या एका घराचं वीजबिल

मुलुंड पूर्वेतला दोन बेडरूमचा फ्लॅट, सहावा मजला, हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला. घरात चार माणसं: मामा (रेल्वेतून निवृत्त, वय ७४), मामी, धाकटा मुलगा आणि सून. थोरला मुलगा इंग्लंडात, लीड्सला. भांडुप-मुलुंडचा पट्टा महावितरणकडे असल्यामुळे बिल त्यांचं येतं. इमारतींच्या विजेची तपासणी हा माझा व्यवसाय आणि मी या घरची भाची, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं ते फोनवरच्या एका वाक्यातून: "अगं, टायमर लावून महिना झाला आणि बिल उलट वाढलंय."

फेब्रुवारीत ३१० युनिट, मार्चमध्ये ३९०, एप्रिलमध्ये ५२०. टायमर गुढीपाडव्याच्या सुमारास लावलेला. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर टायमर लावल्यावर घराने सव्वाशेहून जास्त युनिट जादा खाल्ली. मामांचा निष्कर्ष असा, की ही वस्तूच वीज खाते. थोरल्याचा निष्कर्ष असा, की घरात कोणीतरी टायमर बाजूला सारून गिझर चालू करतंय, आणि त्याचा संशय मामींवर होता.

मुळात टायमरची कल्पना थोरल्याचीच. डिसेंबरात तो आला तेव्हा बाथरूममधल्या गिझरचा लाल दिवा सकाळी, दुपारी, रात्री, कधीही पाहावा तेव्हा पेटलेला किंवा पेटण्याच्या बेतात. मामी गिझरचं बटण बंद करतच नव्हत्या. संध्याकाळी गुडघे शेकायला गरम पाणी लागतं, आणि बटण चालू-बंद करण्यापेक्षा ते चालू असलेलं बरं, असा साधा हिशेब. लीड्सच्या घरात थोरल्याने गेल्या दोन हिवाळ्यांत टायमर आणि थर्मोस्टॅट नीट लावून गॅसचं बिल चांगलंच खाली आणलं होतं. पुढे पाडव्याच्या सुमारास त्याने इथे सोळा अँपिअरचा, युनिट मोजणारा स्मार्ट प्लग आणवला, सकाळी साडेपाच ते साडेनऊ एवढीच वेळ लावून दिली आणि सांगितलं, "बिल एक तृतीयांश तरी उतरेल."

तो चुकीचं काही शिकला नव्हता. त्याचा धडा लीड्समध्ये अगदी बरोबर आहे. तो गिझरला का लागू पडला नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे आणि त्यासाठी आधी लीड्सच्या घरात डोकवावं लागतं.

थंड देशातलं घर

मुंबईत घर तापवायची वेळ कोणावर येत नाही. सांताक्रूझच्या नोंदीतलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ चं. लीड्समध्ये तेवढी थंडी हिवाळ्यातला साधा दिवस असतो. तिथल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरतं आणि घर उबदार होतं. यावर दोन माणसं नेमलेली असतात म्हणा: टायमर ठरवतो कधी तापवायचं, थर्मोस्टॅट ठरवतो किती अंशांपर्यंत. शिवाय रेडिएटरवर छोटे व्हॉल्व्ह असतात, ते एकेका खोलीपुरती उष्णता रोखतात.

या दोघांना पैसे वाचवता येतात याचं कारण असं, की बॉयलरने घरात ओतलेली सगळीच्या सगळी उष्णता शेवटी भिंती, खिडक्या आणि छपरातून बाहेर जाते. घर तापलेलं ठेवणं म्हणजे ही गळती सतत भरून काढणं, दुसरं काही नाही. आणि गळतीचा वेग आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. बाहेर ५ अंश आणि आत २१ असेल तर फरक १६. थर्मोस्टॅट १९ वर आणला की फरक १४, म्हणजे गळती आठव्या हिश्शाने कमी. माणसं कामावर गेलेली असताना आणि रात्री झोपल्यावर बॉयलर बंद ठेवला तर घर हळूहळू गार होत जातं, फरक घटत जातो, गळतीही. "बंद करून पुन्हा तापवायला जास्त गॅस लागतो, त्यापेक्षा मंद चालू ठेवावं" ही समजूत तिथेही घरोघरी आहे. पण गार होत असलेलं घर उबदार घरापेक्षा कमीच उष्णता गमावतं, त्यामुळे पुन्हा तापवताना लागणारी भर ही गमावलेल्या उष्णतेपेक्षा जास्त असू शकत नाही.

दुसरी समजूत मला जास्त गंमतशीर वाटते, कारण ती मुंबईतही जशीच्या तशी सापडते. थंडीत घरी आलं की लोक थर्मोस्टॅट एकदम ३० वर नेतात, लवकर तापावं म्हणून. थर्मोस्टॅट हा काही ॲक्सिलरेटर नव्हे. साध्या बॉयलरला फक्त चालू आणि बंद कळतं. तो १९ साठी जेवढ्या जोराने जळतो तेवढ्याच जोराने ३० साठी जळतो, फक्त थांबायचं कुठे ते लांबतं.

खोलीच्या विजेच्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ मध्ये वॉरन जॉन्सन या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या शिक्षकाने घेतलं. त्याच्या शाळेत शिपाई वर्गावर्गात शिरून तापमान पाहायचा आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवायचा. शिकवणं मध्येच तुटायचं. थर्मोस्टॅट जन्माला आला तो व्यत्यय टाळण्यासाठी. पैसे वाचवण्याचं काम त्याच्या गळ्यात नंतर पडलं.

टाकीतली गळती मोजली तेव्हा

मामांचा गिझर २५ लिटरचा, २ किलोवॉटचा, दहाएक वर्षं जुना. आत पितळेच्या नळीत इन्व्हार या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूची कांडी असलेला थर्मोस्टॅट. पितळ तापलं की वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढत नाही, आणि या दोघांतल्या फरकाने टोकाचा स्विच उघडतो. (इन्व्हार शोधणारे शार्ल एदुआर गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) स्क्रू शेवटपर्यंत फिरवलेला होता, म्हणजे पाणी ७५ अंशांच्या आसपास गेलं की पाणी तापवणारी कॉइल बंद व्हायची.

घरचे सगळे लग्नाला गावी गेले तेव्हा मी मुद्दाम टायमर काढून गिझर चालू ठेवायला सांगितलं. मामांनी दोनदा विचारलं, "रिकाम्या घरात गिझर चालू ठेवायचा? तू वीज वाचवायला आलीयेस ना?" पण कोणी नळ उघडत नसताना जी वीज लागते तीच निव्वळ गळती, आणि ती मोजायची याहून सोपी वेळ नाही. प्लगच्या नोंदीत दिसलं ते असं: दर चारेक तासांनी गिझर सातेक मिनिटं चालतो आणि गप्प बसतो. चोवीस तासांत १.३ युनिट. नव्या गिझरच्या स्टार लेबलवर त्या त्या गिझरची हीच चोवीस तासांची गळती छापलेली असते, टाकीतलं पाणी भोवतालपेक्षा ४५ अंशांनी गरम धरून.

१.३ युनिट रोज म्हणजे महिन्याला ३९. थोरल्याला वाटलं होतं, गिझर दिवसाचे चोवीस तास "चालू" आहे म्हणजे २ किलोवॉट गुणिले चोवीस. तसं असतं तर महिन्याला चौदाशेहून जास्त युनिट झाली असती आणि बिल पाहून मामांनीच गिझर खिडकीतून फेकला असता. बटण चालू असणं आणि कॉइल चालू असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मधे थर्मोस्टॅट बसलाय.

बरं, मग टायमरने ही ३९ युनिट वाचली का? नाही. साडेनऊला वीज तुटली तरी टाकीत ७५ अंशांचं पाणी भरलेलंच असतं, आणि ते गार होत राहतं. फरक इतकाच, की गार होता होता गळतीचा वेग मंदावतो. या टाकीचा हिशेब केला तर पुढच्या वीस तासांत पाणी ७५ वरून साधारण ५० वर येतं. तेवढी उष्णता ०.७४ युनिटची. गिझर चालू ठेवला असता तर त्याच वीस तासांत १.०८ युनिट गेली असती. दिवसाला वाचलं सुमारे एक तृतीयांश युनिट, महिन्याला दहा.

म्हणजे थोरल्याचा टायमर नीट काम करत होता. फक्त तो ज्या गोष्टीवर लावला होता तिथे वाचण्यासारखं होतंच दहा युनिट.

लीड्सच्या घरात आणि मुलुंडच्या टाकीत फरक पडतो तो इथे. घराची सगळी उष्णता भिंतींतून जाते. गिझरची बरीचशी उष्णता नळातून बादलीत जाते, अंगावर जाते आणि मोरीत जाते. तिच्यावर टायमरची सत्ता नाही, आणि थर्मोस्टॅटचीही नाही. एक बादली, म्हणजे १८ लिटर पाणी, २८ अंशांवरून ४० पर्यंत न्यायला पाव युनिट लागतं. विसण घालताना ७५ चं पाणी थोडं घ्या किंवा ६० चं जास्त घ्या, बादलीतल्या उष्णतेत काही फरक पडत नाही. जानेवारीत इमारतीच्या टाकीतलं गार पाणी २२ अंशांवर येतं तेव्हा त्याच बादलीला पाऊण युनिटाच्या निम्मी वीज लागते, इतकाच ऋतूचा फरक.

या घरात तिघं बादलीने आंघोळ करतात: पाऊण युनिट. धाकटा शॉवरखाली दहा मिनिटं उभा राहतो. मिनिटाला आठ लिटर धरले तर ८० लिटर पाणी, सव्वा युनिटाला थोडं कमी, म्हणजे एकटा १.१ युनिट. आई, वडील आणि बायको मिळून जेवढी वीज अंगावर घेतात त्याच्या जवळजवळ दीडपट. हे मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा सून काही बोलली नाही, पण मामींच्या चेहऱ्यावरचा संशयितपणा उतरला.

थर्मोस्टॅट ६० वर, त्याखाली नाही

गिझरमध्ये खरं करण्यासारखं होतं ते दुसरंच. एमसीबी पाडून, झाकण उघडून वायरमनने थर्मोस्टॅटचा स्क्रू ६० वर आणला. "कशाला खाली करताय, मग पाणी तापत नाही म्हणून मलाच बोलवाल," तो म्हणाला. पण भोवतालच्या २९ अंशांपेक्षा फरक ४६ वरून ३१ झाला, आणि गळतीही त्याच प्रमाणात उतरली. टायमर अधिक ६० अंश मिळून दिवसाची गळती १.३ वरून ०.६५ वर, बरोबर निम्मी.

मग ५० का नाही, ४५ का नाही? धाकट्याने लगेच विचारलं. कारण कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जीवाणू वाढतो. साधारण २० ते ४५ अंश ही त्याच्या सोयीची पट्टी. शॉवरच्या तुषारांतून तो फुप्फुसात जातो आणि म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया करू शकतो. म्हणून गरम पाणी साठवायचं तर ६० अंशांवर, असा संकेत जगभर पाळतात. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या घरात पाच-सात युनिटांसाठी त्याखाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. ६० चं पाणी थेट अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, तेव्हा बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा मामींचा जुना नियम कायम.

टायमरची वेळही बदलली. शेवटच्या आंघोळीनंतर गिझर बंद करणं म्हणजे टाकीभर तापलेलं पाणी दिवसभर गार व्हायला सोडून देणं. शेवटची आंघोळ सुरू व्हायच्या आधीच तो बंद झाला तर तेच पाणी वापरलं जातं आणि टाकीत मागे कोमट उरतं, जे दुसऱ्या सकाळी पुन्हा ६० वर जातं. या घरात शेवटी आंघोळ मामांची, नऊच्या सुमारास. बंद व्हायची वेळ साडेनऊवरून साडेआठवर आणली. मामींच्या गुडघ्यांचा प्रश्न मात्र राहिला: संध्याकाळी सहाला टाकीत शेकण्याजोगं पाणी हवं. सकाळी टाकी पूर्ण तापलेली सोडली असती तर हिशेबाने पन्नास अंशांचं मिळालं असतं, आता नाही. त्यांच्यासाठी एक तांब्या पाणी गॅसवर तापवलं जातं. टाकीभर तापवण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

इथे एक फाटा. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसा ९ ते ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सवलत दिली आहे. धाकट्याने डोकं लढवलं: दुपारी चारला गिझर तापवून ठेवला तर? मामांच्या टाकीत सकाळी सहापर्यंत ६० चं पाणी ४७ च्या आसपास येतं. म्हणजे भरलेल्या उष्णतेतली चाळीस टक्के रात्रीत हवेत गेली. कोणतीही सवलत चाळीस टक्के नाही. ती सवलत वॉशिंग मशीनने घ्यावी, इस्त्रीने घ्यावी. सकाळच्या आंघोळीचं पाणी सकाळीच तापवावं.

मग वाढलेली युनिट गेली कुठे

महिन्यामागून महिन्याची बिलं शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही, निदान मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये तरी नाही. बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये या घराचा वापर ५२८ युनिट होता, या वर्षी ५२०. आठ युनिटांचा फरक टायमरचा म्हणावा की दोन दिवस पाहुणे नव्हते त्याचा, ते सांगता येणार नाही. पण "टायमरने बिल वाढवलं" हा आरोप तिथेच निकालात निघाला. फेब्रुवारी ते एप्रिल वाढलेली दोनशेच्या वर युनिट दरवर्षीच वाढतात, आणि ती एका खोलीत वाढतात.

पश्चिमेची बेडरूम धाकट्याची. दीड टनाचा एसी, २०१७ चा, इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे कॉम्प्रेसर एक तर पूर्ण जोराने चालणार नाहीतर बंद. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. हा त्याआधीचा, आणि रिमोटवर कायम २०.

त्याचा वापर मोजायला कोणतंही यंत्र लागलं नाही. रात्री ११ ला मीटर वाचायचा, सकाळी ७ ला पुन्हा. एक रात्र एसी न लावता, म्हणजे फ्रिज, पंखे, वायफाय यांचा हिशेब कळतो. तो वजा केला की उरलेलं एसीचं. २० अंशांवर रात्रीला साडेनऊ युनिट आली. गिझरची अख्ख्या आठवड्याची गळती एका रात्रीत.

थोरला व्हिडिओ कॉलवर होता. मी म्हटलं, "दादा, तुझा टायमर आणि थर्मोस्टॅट या खोलीत लाव. हे तुझं लीड्सचं घर आहे, फक्त उलटं." तिथे बॉयलर आतली उष्णता बाहेर जाते तेवढी भरून काढतो, इथे एसी बाहेरची उष्णता आत येते तेवढी उपसून टाकतो. त्यातलं काहीही बादलीत जात नाही. उपसा किती करायचा हे आत-बाहेरच्या फरकावर ठरतं, म्हणजे थर्मोस्टॅटवर, आणि किती तास करायचा हे टायमरवर. (त्यात दमटपणा काढण्याचं काम वेगळं, आणि ते मुंबईत थोडंथोडकं नाही.)

त्यातून या एसीचा थर्मोस्टॅट जवळजवळ शोभेचाच झाला होता. दिवसभर उन्हात भाजलेली पश्चिमेची भिंत रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. अशा खोलीत २० अंश गाठायला बऱ्याच रात्री कॉम्प्रेसर पहाटेपर्यंत अखंड चालतो. थर्मोस्टॅट वीज वाचवतो तो कॉम्प्रेसर बंद करून. ठरवलेलं तापमान कधी आलंच नाही तर तो कशाला बंद करेल? धाकटा २० लावायचा त्याचं कारण पुन्हा तेच लीड्सवालं: लवकर गार व्हावं. साधा कॉम्प्रेसर २० साठी आणि २६ साठी एकाच जोराने चालतो.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालय २०१८ पासून सांगतंय, की एसी एक अंशाने वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जून २०२५ मध्ये ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसी २० ते २८ अंशांच्या पट्टीतच चालतील अशी मर्यादा आणण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा घराघरांत चेष्टा झाली. या खोलीत मात्र सहा टक्क्यांचा आकडा बऱ्यापैकी खरा ठरला. २० वरून २६, सोबत छताचा पंखा: रात्रीचा वापर साडेनऊवरून साडेसहावर. पंखा ७५ वॉटचा, रात्रभर लावला तरी अर्ध्या-पाऊण युनिटाचा, आणि अंगाला दोन-तीन अंश गार वाटतं ते त्याच्यामुळे.

मग टायमर. एसीला स्मार्ट प्लग लावायचा नाही, हे आधी स्पष्ट केलं. चालता कॉम्प्रेसर बाहेरून वीज तोडून बंद करणं आणि लगेच पुन्हा लावणं त्याला मानवत नाही, आणि पंख्याला शेवटची हवा फिरवायची वेळही मिळत नाही. रिमोटवरच बंद होण्याची वेळ लावता येते. तीन वाजता बंद केला तर साडेचारला दोघं घामाने जागी. पाच वाजता बंद केला तर सातपर्यंत झोप लागते, कारण तोवर भिंत निवलेली असते. शेवटी रात्रीचा आकडा साडेपाचच्या आसपास स्थिरावला. रोज चार युनिट, महिन्याला एकशेवीस.

शेजारी ठेवून पाहा: गिझरच्या टायमरने दहा, गिझरच्या थर्मोस्टॅटने आणखी दहा, एसीच्या थर्मोस्टॅट-टायमरने एकशेवीस. आणि युनिट सगळी सारख्या किमतीची नसतात. १००, ३०० आणि ५०० या टप्प्यांवर दर चढत जातो. तिसऱ्या टप्प्यातलं युनिट पहिल्यातल्यापेक्षा दुपटीहून महाग. वाचलेली युनिट नेहमी वरच्या टोकाकडून वजा होतात, म्हणून या घराला ती सगळ्यांत महाग दरानेच परत मिळाली. मे महिन्यात वापर ४२५ युनिट. गेल्या वर्षीच्या मेमध्ये ५६० होता.

जे जमलं नाही

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेने २६ अंश नाकारले. "गार आहे पण चिकट आहे," असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं. पावसाळ्यात बाहेर २८ अंश असताना थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला चटकन बंद करतो, आतला पंखा मात्र फिरत राहतो, आणि एसीच्या गार कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत वाफ होऊन येतं. तापमान बरोबर, दमटपणा चढा. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं. दमटपणा काढण्यासाठी असलेल्या ड्राय मोडवर थोडं बरं वाटलं. तो पुरेना तेव्हा २५ वर तडजोड झाली. पैशांत पाहिलं तर पावसाळ्यात एका अंशाने फार बिघडत नाही, कारण मुळात आत-बाहेरचा फरकच कमी असतो.

शॉवर दहा मिनिटांचाच राहिला. त्यावर मी पुन्हा बोलले नाही.

आता प्रश्न आहे तो एसी बदलण्याचा. इन्व्हर्टर एसी ठरवलेलं तापमान जवळ आलं की बंद न होता कमी जोराने चालत राहतो, त्यामुळे त्याची वीजही वाचते आणि वर सांगितलेला चिकटपणाही कमी होतो. स्टार लेबलवर वर्षाची युनिट छापलेली असतात ती १६०० तासांच्या वापरावर धरलेली. धाकट्याच्या खोलीत रोज सहा-सात तास आणि वर्षात पाचएक महिने म्हणजे हजाराच्या आसपास तास होतात. तेव्हा दुकानदार दोन लेबलांतला जो फरक दाखवेल त्याचे दोन तृतीयांश घ्यायचे, त्याला आपल्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणायचं आणि किमतीतल्या फरकाला त्याने भागायचं. किती वर्षांत पैसे वसूल होतात ते निघतं. मामांनी हा हिशेब वहीत मांडून ठेवलाय. त्यांच्या मते जुना एसी २५ वर चालवला तर अजून तीन उन्हाळे काढतो. धाकट्याच्या मते दिवाळीच्या सवलतीत घ्यावा. लीड्सहून थोरल्याचं मत आलेलं आहे, पण या वेळी त्याने आधी मीटरचे आकडे मागवले.